मिठाची पिशवी आणि गटाची वही

करमाळा तालुक्यातल्या केम गावातून आम्ही बोलतोय. केम म्हटलं की कुंकू. तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या करंड्यात आमच्या गावचं कुंकू असेल. हे कुंकू शाबूत राहावं म्हणून आपण वडाला फेऱ्या मारतो, उपास धरतो. धरावेत, ज्याची त्याची श्रद्धा. पण आज आपण बोलणार आहोत ते धन्याच्या हृदयाबद्दल, आणि कुंकू लावणारीच्या हृदयाबद्दलही.

हा विषय सुचला तो गटाच्या वहीवरून. वर्षाअखेरीला आम्ही अंतर्गत कर्जाची पानं चाळत होतो. कुणी बियाणाला कर्ज घेतलेलं, कुणी शेळीला, कुणी लेकीच्या फीला, कुणी शिलाई मशीनला. आणि मध्ये मध्ये एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता, 'दवाखाना'. आम्ही बैठकीत विचारलं, बायांनो, दवाखाना कशाचा? पाय मोडला, विंचू चावला अशी कारणं एखाद-दुसरीच निघाली. बाकी सगळं शुगर, बीपी, हार्टचा त्रास, लकवा, किडनी. म्हणजे एकदा घरात आले की सहसा बाहेर न जाणारे आजार. गटाचं कर्ज फिटतं, हा आजार मात्र दर महिन्याला हप्ता मागत राहतो.

तेव्हा ठरवलं की या हप्त्याचा हिशोब आपण बायकांनीच मांडायचा. आम्ही डॉक्टर नाही. पण आशाताई, सिस्टर आणि डॉक्टर यांच्याकडून जे समजून घेतलं, आणि आमच्या स्वयंपाकघरात जे करून पाहिलं, ते तुम्हाला सांगतो.

ते पित्त नव्हतं

आधी आमच्या गटातल्या एका काकींची गोष्ट. ज्वारीची काढणी चालली होती. दुपारी काकींच्या पाठीत कळ आली, जबड्यापर्यंत गेली, दरदरून घाम सुटला, मळमळायला लागलं. त्या म्हणाल्या, "पित्त झालंय, उन्हाचं." लिंबू-सोडा घेतला आणि बांधावर पडून राहिल्या. संध्याकाळी घरी येऊन भाकरी थापल्या, सगळ्यांना वाढलं. रात्री आडवं झालं की धाप लागायची, म्हणून भिंतीला टेकून बसून रात्र काढली. घरच्यांना सांगितलं ते सकाळी, तेही चहा झाल्यावर.

दवाखान्यात ईसीजी काढला, तेव्हा कळलं की आदल्या दुपारीच हार्ट अटॅक येऊन गेलाय. तिथून सोलापूरला नेलं. काकी वाचल्या. पण हृदयाचा जो भाग एवढे तास रक्तावाचून राहिला तो निकामी झाला. आज पाण्याची कळशी उचलली तरी त्यांना दम लागतो. पन्नाशीसुद्धा ओलांडलेली नाही.

काकी आम्हाला म्हणाल्या, "बाईमाणसाला हार्टचं दुखणं असतं हे मला ठाऊकच नव्हतं गं." हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. खरं तर जगभरात पुरुषांप्रमाणेच बायकाही सगळ्यात जास्त दगावतात त्या हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी. पाळी सुरू असते तोवर बाईच्या शरीराला थोडंफार संरक्षण असतं. पाळी गेली की ते कमी होतं. आणि शुगर असेल किंवा तंबाखूची सवय असेल, तर ते आधीही फारसं कामाला येत नाही.

आत काय घडतं

आपल्याकडे ठिबक आता बहुतेकांच्या रानात आहे, म्हणून त्यावरूनच सांगतो. पाणी क्षाराचं असलं की नळीत आतून थर साचत जातो. बाहेरून नळी धडधाकट दिसते. झाड सुकायला लागलं की आपण नळी कापून बघतो. हृदयाला रक्त देणाऱ्या नळ्यांचंही तसंच आहे. त्या नळ्यांच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो.

हा थर का साचतो? रक्तदाब वाढलेला असला की अस्तरावर सतत मारा होतो. रक्तात साखर जास्त राहिली की अस्तर खराब होतं. तंबाखू आणि धूर त्याला इजा करतात. इजा झालेल्या जागी चरबी शिरते. मग एखाद्या दिवशी त्या थराला भेग पडते, तिथं रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत नळी बंद होते. हृदयाच्या नळीत झालं तर हार्ट अटॅक, मेंदूच्या नळीत झालं तर लकवा. किडनीच्या बारीक नळ्या खराब झाल्या तर डायलिसिसची वेळ येते. आजारांची नावं वेगवेगळी, पण बऱ्याच वेळा मूळ एकच.

मग हे सगळं नशिबाचं का? 2004 साली 52 देशांतल्या हृदयरोग्यांची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, भारतही त्यात होता. तिच्यात दिसलं की पहिल्या हार्ट अटॅकच्या धोक्याचा दहातला नऊ हिस्सा नऊ गोष्टींशी जोडलेला आहे: तंबाखूची विडी-सिगारेट, रक्तातली खराब चरबी, बीपी, शुगर, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या कमी खाणं, दारू आणि अंगाला हालचाल नसणं. हेही दिसलं की आपल्या भागातल्या माणसांना अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. या नऊ गोष्टींवर आपला काहीतरी ताबा चालतो, आणि त्यातल्या बऱ्याचशा आपल्या चुलीपासून आणि किराणाच्या यादीपासून सुरू होतात.

"मी तर बारीक, मला कसली शुगर?"

बैठकीत हे हमखास कुणीतरी म्हणतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच प्रश्नावर आयुष्यभर काम केलंय. नाव सारखं वाटतं, पण हे केईएम म्हणजे आपलं केम नव्हे. त्यांच्या गटाने 1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांत आपल्यासारख्याच शेतकरी घरांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. त्या बायकांचं गरोदरपणाआधीचं वजन सरासरी 42 किलोच्या आसपास होतं. त्यांची बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा खूप हलकी, साधारण पावणेतीन किलोच्या आतबाहेर. पण मोजल्यावर दिसलं की या बारीक बाळांच्या अंगात मांस कमी आणि कातडीखालची चरबी मात्र जवळपास तेवढीच. दिसायला काटकुळं, आतून चरबीचं.

पुढे 2004 साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो वैद्यकीय मासिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचाही अगदी सारखा. पण अंगातली चरबी गोऱ्या डॉक्टरांची 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21.2 टक्के! म्हणून आपल्या लोकांनी नुसतं वजनकाट्यावर विसंबून चालत नाही. शिलाईची टेप घ्या आणि पोटाचा घेर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. बाईचा घेर 80 सेंटिमीटरच्या आत हवा, म्हणजे साडेएकतीस इंच. पुरुषाचा 90 सेंटिमीटरच्या आत, म्हणजे साडेपस्तीस इंच.

त्याच गावांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या आया गरोदरपणात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं जास्त भरली. जन्माच्या वेळी बाळ हलकं असलं आणि पुढे त्याचं वजन भराभर वाढलं, तर मोठेपणी शुगर-बीपीचा धोका वाढतो. म्हणजे पोटुशी सुनेच्या ताटात आज काय पडतं, याचा हिशोब चाळीस वर्षांनी तिच्या लेकराच्या रक्तात निघतो. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं ती खात असेल, तर हे नुकसान घराचंच आहे.

मीठ, साखर, तेल: तीन ओळींचा हिशोब

आता वही काढा. आपल्याला बचतीचा हिशोब जमतो, तसाच हाही जमेल.

पहिली ओळ मिठाची. मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपर्यंत मीठ पुरे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. लहान मुलांना त्याहून कमी. पाच माणसांचं घर धरलं तर महिन्याला 750 ग्रॅम. म्हणजे एक किलोची पिशवी चाळीस दिवस जायला हवी. आम्ही बारा जणींनी मिठाच्या पिशवीवर फोडल्याची तारीख लिहिली. बहुतेकींची पिशवी महिन्याच्या आतच संपली, आणि लोणचं, पापड, फरसाण, बिस्किटं यांतलं मीठ तर त्यात धरलेलंही नव्हतं. जास्त मिठाने अंगात पाणी धरून राहतं, नळ्यांवरचा दाब वाढतो.

मग कमी कसं करायचं? एकदम आळणी केलं तर घरात भांडण होईल. आम्ही असं केलं: दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं कमी. जीभ महिन्या-दोन महिन्यांत सवय लावून घेते. भाकरीच्या पिठातलं मीठ बंद. भातात मीठ नाही. ताटात वेगळं मीठ वाढणं बंद. शेंगाची चटणी आपल्या सोलापूरची शान, ती सोडायची नाही, पण त्यात मीठ निम्मं आणि लसूण दुप्पट. आंबटपणाला चिंच, लिंबू, कच्चा आंबा. आणि एक गैरसमज काढून टाका: सैंधव मीठही मीठच आहे, ते जास्त खाल्लं तर बीपी वाढतंच, आणि बऱ्याच वेळा त्यात आयोडीनही नसतं. बाजारात 'कमी सोडियम'चं मीठ मिळतं, पण किडनीचा त्रास असलेल्यांनी किंवा बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

दुसरी ओळ साखरेची. आपल्या भागात ऊस आणि साखर कारखाने, त्यामुळे चहा म्हणजे पाक. एका कपात दोन चमचे साखर धरा, म्हणजे दहा ग्रॅम. दिवसात पाच कप झाले की पन्नास ग्रॅम. महिन्याला एका माणसाच्या पोटात नुसत्या चहातून दीड किलो साखर! वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत असावी असं सांगतात. 'गुळाचा चहा चालतो' हाही गैरसमजच. गुळात थोडं लोह वगैरे असतं, पण बहुतांश साखरच असते. शुगरवाल्याला गूळ आणि साखर सारखेच. कप छोटा करा, चमचा अर्धा करा, आणि पाहुण्याला आग्रहाने दुसरा कप देऊ नका. त्यात मान कमी होत नाही.

तिसरी ओळ तेलाची. माणशी दिवसाला चार-पाच छोटे चमचे, म्हणजे महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर. पाच माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा चाळीस दिवसांच्या आत संपत असेल तर हात आखडायला हवा. तेल थेट डब्यातून ओतू नका, पळीने मोजून घाला. करडई आणि शेंगदाणा ही आपल्या मातीतली तेलं चांगली. आलटून पालटून वापरा. तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. वनस्पती तूप टाळाच. त्यातली ट्रान्स फॅट नावाची चरबी नळ्यांना फार घातक असते. सरकारने 2022 पासून तिच्यावर दोन टक्क्यांची मर्यादा घातली, ती उगाच नाही. पाम तेल स्वस्त म्हणून बिस्किटं, खारी, पाच-दहा रुपयांच्या पुड्या यांत भरपूर असतं. लेकराच्या हातात रोज पुडी देण्यापेक्षा मूठभर फुटाणे-शेंगदाणे द्या, तेवढ्याच पैशात.

आज्जीचं ताट परत आणायचं

उजनीचं पाणी आलं, ऊस आणि केळी आली, हातात पैसा आला. चांगलंच झालं. पण त्याबरोबर ताटातली भाकरी मागे सरकली. रेशनच्या गव्हाची चपाती आणि दोन्ही वेळा भात सुरू झाला. तोंडी लावायला बटाटा. हुलगा, मटकी, पालेभाज्या कधीतरी.

100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम चोथा असतो. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात तो 3 ग्रॅमही भरत नाही. चोथा पोटात असला की साखर रक्तात हळूहळू उतरते, पोट भरल्यासारखं वाटतं आणि काही चरबी शौचावाटे बाहेर जाते. घरच्या गव्हाचं न चाळलेलं पीठही चोथ्याला कमी नाही, म्हणून चपातीला नावं ठेवायची नाहीत. नावं ठेवायची ती मैद्याला आणि कोंडा चाळून फेकण्याला. मात्र 'ज्वारी शुगरला चांगली' म्हणून चार-चार भाकरी खाल्ल्या तर शुगर वाढणारच. भाकरी एक-दीड, आणि बाकी ताट कशाने भरायचं ते बघा.

ते भरायचं भाजीने आणि डाळी-कडधान्याने. निम्मं ताट भाजी, कोशिंबीर, फळ यांचं असावं. त्यासाठी बाजारातून महाग काही आणायला नको. तांदुळजा, अंबाडी, घोळ, पाथरी, शेवगा, थंडीत हरभऱ्याचा पाला. हे सगळं बांधावर आणि परसात मिळतं. हुलग्याचे शेंगोळे, मटकीची उसळ, माडगं, ज्वारीची आंबील. शेजारच्या कंदरची केळी परदेशात जाते, आपल्या लेकरांनी मात्र बिस्किट खायचं, हे बरोबर नाही. केळ्यात पोटॅशियम असतं, ते बीपीला चांगलं. शुगरवाल्याने अर्धं खावं, किडनीवाल्याने डॉक्टरांना विचारून.

उपासाचंही बोलायला हवं. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण कुणी उगाच केलेली नाही. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. त्यात वर तेल-तूप, बटाटा आणि वेफर्स. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी असं खाल्लं की शुगर एकदम चढते. भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळं उकडून, ताक, फळ असा उपास करा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर कडक उपास धोक्याचा. शुगर एकदम उतरून चक्कर येऊ शकते. देवाला उपाशी बाई पडलेली नको असते.

मिश्री, धूर आणि दिवसभराचे कष्ट

आता थोडं कडू बोलतो. सकाळी उठल्यावर मिश्री लावल्याशिवाय आपल्यातल्या बऱ्याच जणींचा दिवस सुरू होत नाही. कुणी मशेरी म्हणतं. नाव काहीही असो, ती भाजलेली तंबाखूच आहे. तिच्यातलं निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं, नाडी आणि बीपी वाढवतं, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. घरच्यांना मावा-गुटखा सोडायला सांगताना आपल्या फडताळातली मिश्रीची डबी कुणी लपवू नये. आमच्या गटातल्या चौघींनी एकत्र सोडली. पहिले पंधरा दिवस डोकं दुखलं, चिडचिड झाली. मग एकमेकींना फोन करून तगल्या. एकटीला जमत नसेल तर 1800-11-2356 हा तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत.

चुलीच्या धुराचंही तेच. तो फुप्फुसातून रक्तात उतरतो आणि हृदयालाही पोचतो. गॅस आहे, पण सिलिंडर महाग म्हणून पाणी तापवायला आणि भाकरीला चूल, असं घरोघरी चालतं. निदान चूल बाहेर किंवा पत्र्याला धुराडं काढून ठेवा, आणि तान्हं बाळ, गरोदर बाई चुलीपाशी बसवू नका.

"दिवसभर शेतात राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?" हा प्रश्न बरोबर आहे. खुरपणी, काढणी, पाणी भरणं ही हालचालच आहे. पण जी शिवणयंत्रावर बसते, दुकानात बसते, कुंकवाचं किंवा दुसरं कुठलं पॅकिंग बसून करते, तिची हालचाल होत नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालायचं. आळंदी ते पंढरपूर एवढं लांब वारकरी चालतात, आपण उत्तरेश्वराच्या देवळापर्यंत दोन फेऱ्या मारू शकतोच. आणि जी खरोखर राबते तिला झोप आणि विसावा लागतो. राबण्याने मिठाचा किंवा मिश्रीचा हिशोब मात्र माफ होत नाही.

तपासणी आणि गोळी

2023 साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशभरच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले. देशात दहा कोटींवर माणसांना मधुमेह, आणि दर तीन मोठ्या माणसांत एकाहून जास्त जणांना बीपी. यांतल्या पुष्कळांना ते माहीतच नसतं, कारण बीपी दुखत नाही.

म्हणून तीस वर्षं झाली की बीपी आणि शुगर तपासायचीच. उपकेंद्रात, आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, ही तपासणी फुकट होते. आशाताई घरी फॉर्म भरायला येतात, त्यांना 'वेळ नाही' म्हणून परत पाठवू नका. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा-मिश्री नको. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा. मोजताना बोलू नका. पुन्हा पुन्हा 140 वर 90 किंवा त्याहून जास्त आलं तर ते बीपी. सकाळी उपाशीपोटी शुगर 100 च्या आत हवी. 126 किंवा वर असेल आणि परत तपासूनही तसंच आलं तर तो मधुमेह. मधली असेल तर तो इशारा, आणि याच वेळी ताट बदललं तर आजार लांबवता येतो.

गोळीबद्दल एक चूक आम्ही घरोघरी पाहिली. महिनाभर गोळी घेतली, बीपी नॉर्मल आलं, की गोळी बंद. मैत्रिणींनो, बीपी नॉर्मल आलं ते गोळीमुळे. बंद केली की ते परत चढतं, आणि आपल्याला कळत नाही. चांगलं खाणं आणि गोळी ही दोन चाकं आहेत. खाणं सुधारलं की डॉक्टर गोळी कमी करू शकतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. कारल्याचा रस घ्या हवा तर, पण गोळीच्या जागी नाही. सरकारी दवाखान्यात बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या मोफत असतात. महिन्याची संपण्याच्या आधी चार दिवस आणायला जा.

हे दिसलं तर थांबू नका

छातीत दाबल्यासारखं, आवळल्यासारखं होणं. कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत, पोटाच्या वरच्या भागात जाणं. दरदरून घाम, मळमळ, धाप, एकाएकी गळून जाणं. बायकांना छातीत दुखतंच, पण धाप, मळमळ, पाठ-जबड्याचं दुखणं जास्त वेळा सोबत असतं, म्हणून ते 'पित्त' ठरतं. शुगरवाल्यांना तर दुखणं जाणवतही नाही कधी कधी. असं झालं तर काम सोडा, बसा, 108 ला फोन करा. दवाखान्यात स्पष्ट म्हणा, "ईसीजी काढा." पहिला तास सोन्याचा. जितका उशीर, तितका हृदयाचा जास्त भाग जातो. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं तर तो लकवा, तिथंही तीच घाई. खर्चाची भीती वाटली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं विचारा, हृदयाचे असे उपचार तिच्यात आहेत. रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत घालून दाराजवळ ठेवा.

मैत्रिणींनो, उमेदच्या दशसूत्रीतली पहिली पाच सूत्रं आपल्याला तोंडपाठ आहेत: बैठक, बचत, कर्ज, परतफेड, लेखे. सहावं सूत्र आरोग्य, ते आपण वाचतो आणि पुढे जातो. आमच्या गटाने आता बैठकीच्या वहीत एक पान वेगळं केलंय. त्यावर प्रत्येकीचं नाव, पोटाचा घेर, बीपी, शुगर आणि मिठाची पिशवी फोडल्याची तारीख. वही फिरते तेव्हा कुणी कुणाला हसत नाही, उलट "तुझी पिशवी किती दिवस गेली?" असं विचारतात.

तुम्हीही पुढच्या बैठकीला तीन गोष्टी करा. आजच मिठाच्या पिशवीवर तारीख टाका. सगळ्याजणी मिळून एका दिवशी उपकेंद्रात जाऊन बीपी-शुगर मोजून या. आणि दुखलं तर त्याच घटकेला घरच्यांना सांगा, भाकरी नंतर थापता येतील.

आमच्या काकी आता बैठकीला सगळ्यांत आधी येतात. हळूहळू चालत येतात, वाटेत दोनदा बसतात. वहीत त्यांचं नाव पहिलं आहे, आणि नवी बाई गटात आली की तिला त्याच सांगतात, "बाई, पित्त समजून रात्र काढू नकोस."

नमस्कार. काळजी घ्या, स्वतःचीही.